वेड्यांच्या इस्पितळापासून गावच्या दवाखान्यापर्यंत

दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, 1943 साली, हिंदुस्थान सरकारने देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते सर जोसेफ भोर. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, पुढे सनदी नोकरीत वरच्या पदांवर काम केलेले. 1946 मध्ये या समितीचा अहवाल आला. आज खेडोपाडी दिसणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्या अहवालातून निघाली, म्हणून भोर समितीचे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. त्याच अहवालातला मानसिक आजारांवरचा भाग मात्र फार कोणी वाचत नाही. तो वाचल्याशिवाय पुढच्या सत्तर वर्षांत या देशात काय घडले आणि काय घडायचे राहिले, याचा उलगडा होत नाही.

या भागासाठी रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयाचे अधीक्षक कर्नल मूर टेलर यांनी देशातल्या मनोरुग्णालयांची पाहणी केली. रुग्णालये होती 19 आणि त्यांतल्या खाटा 10,181. समितीचा अंदाज असा, की हजारी दोन माणसे गंभीर मानसिक आजाराची धरली, तरी चाळीस कोटींच्या देशात अशा रुग्णांची संख्या आठ लाखांच्या घरात जाते. म्हणजे सुमारे ऐंशी रुग्णांमागे एक खाट. ती मिळाली तरी तिथे उपचार होतीलच असे नव्हते. बहुतेक इमारती माणसांना कोंडून ठेवण्यासाठी बांधल्या होत्या, बरे करण्यासाठी नव्हेत, असा टेलर यांच्या निरीक्षणाचा निष्कर्ष होता.

हे आपोआप झाले नव्हते. वेड्यांविषयीचा 1858 चा आणि नंतर 1912 चा कायदा, दोन्हींच्या मुळाशी एकच चिंता होती: वेडा माणूस रस्त्यावर मोकळा फिरता कामा नये. रुग्णालयात भरती बहुधा दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने व्हायची. उंच भिंत, लोखंडी दार, पहारेकरी, ठरलेल्या वेळी मोजदाद, असा सारा थाट तुरुंगाचा. आपल्याकडची नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा ही चारही इस्पितळे इंग्रजी अमदानीतली. 'तुला ठाण्याला पाठवायला हवे' किंवा 'याला येरवड्याला नेऊन सोडा' हे टोमणे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू आले, कारण त्या फाटकातून आत गेलेला माणूस परत येतो, हे लोकांनी फारसे पाहिलेच नव्हते.

अमृतसरचे तंबू

स्वातंत्र्याबरोबर फाळणी आली आणि तिने मनोरुग्णालयांचीही वाटणी केली. लाहोरच्या इस्पितळातले हिंदू आणि शीख रुग्ण 1950 मध्ये भारतात आणले गेले, त्यांतले बरेचसे अमृतसरला. सआदत हसन मंटो यांची 'टोबा टेक सिंग' ही कथा याच देवाणघेवाणीवरची. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक होते डॉ. विद्यासागर. हाताशी जागा अपुरी, माणसे अपुरी आणि पैसाही अपुरा.

त्यांनी जे केले ते करायला कुठल्याही कायद्याने सांगितले नव्हते. त्यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून घेतले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तिथे राहायला बोलावले. आई, भाऊ, बायको, जो कोणी बरोबर येईल त्याने रुग्णापाशी राहायचे, त्याला जेवू घालायचे, त्याच्यात रोज होणारा बदल स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा. संध्याकाळी विद्यासागर सगळ्यांना एकत्र बसवून त्यांच्याच भाषेत, त्यांना ओळखीच्या धार्मिक कथांचा आधार घेत, आजार म्हणजे काय आणि घरी गेल्यावर काय सांभाळायचे ते सांगत. माणूस सुधारला, की त्याच नातेवाइकांबरोबर घरी जाई.

भारतीय मानसोपचाराच्या इतिहासात या तंबूंचे मोल फार मोठे आहे. युरोप-अमेरिकेत रुग्णाला कुटुंबापासून दूर ठेवणे हाच त्या काळी नियम होता. आपल्याकडे निदान एवढे सिद्ध झाले, की घरच्यांना सामील करून घेतले तर माणूस लवकर घरी जातो, आणि घरची माणसे त्याला सोडून देत नाहीत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही 1950 च्या दशकातच कुटुंबासह उपचाराची पद्धत सुरू केली.

याच काळात औषधेही आली. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्येच सर्पगंधेचा उपयोग उन्माद आणि रक्तदाबावर होतो असे लिहिले होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये रक्तदाबावरचा आपला अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि सर्पगंधा जगापुढे गेली. तिच्यातून निघालेले रिसर्पिन काही वर्षे मानसिक आजारांवरही वापरले गेले. पॅरिसमध्ये 1952 मध्ये क्लोरप्रोमॅझिनचा गुण दिसला आणि त्याने सगळे चित्रच पालटले. आतापर्यंत ज्याला बांधून ठेवावे लागे, तो माणूस गोळ्या घेऊन शेतावर जाऊ शकतो, हे उघड झाले. मग प्रश्न उरला एकच. त्या गोळ्या शेतापर्यंत कोण पोचवणार?

रायपूर राणी आणि सकलवारा

बंगळूरच्या जुन्या मनोरुग्णालयाच्या आवारात 1954 मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली. तिची शिफारस भोर समितीनेच केली होती. 1974 मध्ये तिचे निम्हान्स झाले. इथून मानसोपचारतज्ज्ञ शिकून बाहेर पडू लागले, पण त्यांची संख्या इतकी तोकडी, की सगळे गावोगाव पाठवले असते तरी जिल्ह्याला एक पुरला नसता. खाटा वाढवून तरी किती वाढवणार? 1980 च्या सुमारास मनोरुग्णालयांत सुमारे 20 हजार खाटा होत्या आणि देशाची लोकसंख्या 68 कोटींवर गेली होती. भिंतीच्या आत उत्तर नव्हते, हे या हिशेबानेच सांगितले.

उत्तर शोधण्याचे काम दोन जागी सुरू झाले. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतले डॉ. नरेंद्रनाथ विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातला रायपूर राणी हा ग्रामीण विभाग निवडला. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 मध्ये हाती घेतलेल्या एका अभ्यासाचे ते भारतीय केंद्र होते. कोलंबिया, सेनेगल, सुदान, फिलिपिन्स, ब्राझील आणि इजिप्त हे त्यातले इतर देश. बंगळूरजवळच्या सकलवारा इथे निम्हान्सच्या समूह-मानसोपचार विभागाने तसेच काम सुरू केले. या विभागाचा पाया डॉ. आर. एल. कपूर यांनी घातला. रायपूर राणीत काम केलेले डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती पुढे बंगळूरला आले आणि दोन्ही ठिकाणचे अनुभव एकत्र जुळले.

दोन्हीकडे तपासायची गोष्ट सोपी होती: तज्ज्ञ नाही, पण गावात जो आरोग्यसेवक हिवतापाच्या गोळ्या घेऊन घरोघर जातो, जी नर्सबाई बाळंतिणीला भेटायला जाते आणि जो डॉक्टर प्राथमिक केंद्रात बसतो, त्यांना थोडके शिकवले तर ते मानसिक आजार ओळखू शकतील का? आधी एक गैरसमज दूर व्हावा लागला. हे आजार शहरी, श्रीमंत लोकांचे, असे वैद्यकातही अनेकांना वाटे. भारतासह चार देशांतल्या साध्या दवाखान्यांत येणाऱ्या प्रौढ रुग्णांची तपासणी केल्यावर कळले, की त्यांच्यापैकी जवळपास 14 टक्के लोकांना मानसिक आजार आहे. अंग दुखते, झोप लागत नाही, डोके जड होते, छातीत धडधडते म्हणून ते येत होते. त्यांतल्या बहुतेकांचा खरा आजार दवाखान्याच्या लक्षात येतच नव्हता.

मग साध्या भाषेत पुस्तिका लिहिल्या गेल्या. कोणाला ओळखायचे? एकटाच बडबडणारा, विनाकारण संशय घेणारा, जेवणखाण सोडून बसलेला, फेफरे येणारा, जीव नको झाल्याचे बोलणारा. अशा मोजक्या खुणा ठरवल्या. सेवकाने रुग्ण हेरायचा, केंद्रातल्या डॉक्टरने निदान करून गोळ्या सुरू करायच्या, आणि सेवकाने घरी जाऊन तो त्या घेतो की नाही ते बघायचे. अवघड रुग्ण तेवढा तज्ज्ञाकडे. गोळ्यांची नावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. या साधेपणातच सगळी ताकद होती: जे काम तज्ज्ञाशिवाय अशक्य मानले जात होते, त्याचा मोठा भाग गावातच होऊ शकतो, हे दिसले.

ऑगस्ट 1982

सोव्हिएत संघातल्या अल्मा-आता इथे 1978 मध्ये जगभरच्या देशांनी सर्वांसाठी प्राथमिक आरोग्यसेवेचा संकल्प सोडला होता. रायपूर राणी आणि सकलवाराचा पुरावा हाती होता. लखनौला 1981 मध्ये तज्ज्ञांनी एकत्र बसून मसुदा तयार केला, त्यावर पुन्हा चर्चा झाल्या, आणि ऑगस्ट 1982 मध्ये केंद्रीय आरोग्य परिषदेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला. सर्व राज्यांचे आरोग्यमंत्री या परिषदेत बसतात, म्हणून ही संमती सगळ्या देशाची होती. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांत असा कार्यक्रम आखणाऱ्या पहिल्यांपैकी भारत एक.

कार्यक्रमाची उद्दिष्टे तीन. नजीकच्या काळात सर्वांना, आणि त्यातही सर्वांत दुबळ्यांना, किमान मानसिक आरोग्यसेवा मिळावी. मानसिक आरोग्याचे ज्ञान सर्वसाधारण वैद्यकात आणि समाजाच्या विकासात वापरले जावे. आणि या कामात लोकांचा सहभाग असावा. मनोरुग्णालये वाढवण्यापेक्षा असलेल्या आरोग्यकेंद्रांतून सेवा द्यावी, हा त्याचा गाभा. आज हे वाचताना त्यातले बळ जाणवते. देशाने पहिल्यांदाच म्हटले, की मानसिक आजार हा आरोग्याचा विषय आहे, पोलिसांचा नाही.

पण संकल्पामागे पैसा उभा राहिला नाही. आरोग्य हा राज्यांचा विषय. केंद्राने ठराव केला, राज्यांनी मान डोलावली, आणि आपापल्या अंदाजपत्रकात मात्र बहुतेकांनी वेगळी तरतूद केली नाही. कार्यक्रम कोणाच्या टेबलावरचे काम आहे, तेच ठरले नव्हते. लक्ष्ये मोठी, मुदती आखडलेल्या आणि जबाबदारी कोणा एकाची नाही. त्यामुळे पहिली काही वर्षे बैठका आणि प्रशिक्षणवर्ग यांतच गेली.

बळ्ळारीचा धडा

हा कार्यक्रम जिल्हाभर चालू शकतो का, याची पहिली खरी परीक्षा कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात झाली. निम्हान्स आणि कर्नाटक सरकारने 1980 च्या दशकाच्या मध्यापासून तिथे काम केले. वीस लाखांच्या आसपास वस्तीचा कोरडवाहू जिल्हा, बंगळूरहून तीनशे किलोमीटरवर. प्राथमिक केंद्रांतल्या डॉक्टरांना आणि सेवकांना थोड्या दिवसांचे प्रशिक्षण दिले गेले. क्लोरप्रोमॅझिन, ॲमिट्रिप्टिलीन, फेनोबार्बिटोन अशी मोजकी औषधे केंद्रांतच ठेवली गेली. साधी नोंदवही, दरमहा अहवाल, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञासह एक छोटी तुकडी.

तिथे काय चालले आणि काय अडले, हे सगळेच शिकण्यासारखे आहे. वर्षानुवर्षे घराच्या कोपऱ्यात पडलेले रुग्ण आणि फेफऱ्याने हैराण झालेली मुले केंद्रात येऊ लागली. दूरच्या मोठ्या इस्पितळाची वारी, मजुरी बुडणे, प्रवासाचा खर्च हे सगळे टळले. जिथे डॉक्टर मन लावून काम करी आणि औषधाचे कपाट भरलेले असे, तिथे रुग्ण पुन्हा येत. जिथे डॉक्टरची बदली झाली किंवा गोळ्या संपल्या, तिथे रुग्ण दोन-तीन खेपा रिकाम्या हाताने परत जात आणि मग येणेच सोडत. मानसिक आजारात गोळ्या मध्येच थांबल्या तर आजार उलटतो, आणि घरच्यांचा विश्वास एकदा गेला की परत मिळवणे कठीण.

बळ्ळारीने दोन गोष्टी एकदम सिद्ध केल्या. खेड्यातल्या सरकारी दवाखान्यातून मानसिक आजाराचा उपचार होऊ शकतो. आणि तो एका तज्ज्ञाच्या उत्साहावर टिकत नाही. त्यासाठी रोजची देखरेख, न संपणारा औषधसाठा आणि भरलेली पदे लागतात. पहिली गोष्ट सरकारने लगेच उचलली. दुसरी मागे पडली.

1996 मध्ये याच नमुन्यावर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, आधी चार जिल्ह्यांत, नवव्या पंचवार्षिक योजनेअखेर 27 जिल्ह्यांत, पुढे शंभराहून अधिक. आकडा वाढत गेला. पण केंद्राचा निधी ठरावीक वर्षांचा असे; तो संपला, की अनेक राज्यांनी कार्यक्रम आपल्या खर्चाने चालवलाच नाही. मानसोपचारतज्ज्ञाचे पद रिकामे, मानसशास्त्रज्ञाचे पद रिकामे, आलेला पैसा खर्चावाचून पडून. पुष्कळ ठिकाणी कार्यक्रम जिल्हा रुग्णालयातल्या बाह्यरुग्ण विभागापुरता उरला, आणि गाव पुन्हा तिथेच राहिले.

न्यायालय आणि एर्वाडीची आग

भिंतीआडचे जग मात्र अजून तसेच होते. 1982 च्या वीणा सेठी खटल्यात बिहारच्या हजारीबाग तुरुंगातली अशी माणसे उजेडात आली, जी कधीच बरी झाली होती आणि तरीही वीस-वीस, तीस-तीस वर्षे कोंडलेली होती. त्यांना सोडण्याचा हुकूमच कोणी काढला नव्हता. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी कुठलाही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवण्याविरुद्ध लढा दिला, आणि 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा घटनाबाह्य ठरवली. 1912 च्या कायद्याच्या जागी आलेला 1987 चा मानसिक आरोग्य कायदा त्याच वर्षी, 1993 मध्ये, प्रत्यक्षात लागू झाला. त्याने भाषा बदलली, परवाने आणि तपासणीची व्यवस्था आणली, पण त्याचा भर रुग्णालयावरच होता. रुग्णाला सेवा मिळण्याचा हक्क त्यात नव्हता.

1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रांची, आग्रा आणि ग्वाल्हेरच्या मनोरुग्णालयांवर देखरेखीचे काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे दिले. आयोगाने निम्हान्सच्या मदतीने देशातल्या 37 रुग्णालयांची पाहणी केली. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेला तो अहवाल वाचताना मूर टेलर यांच्या निरीक्षणाला अर्धे शतक उलटून गेले आहे, हे खरे वाटत नाही. अनेक रुग्णालयांची बांधणी अजून तुरुंगाचीच होती.

मग 6 ऑगस्ट 2001 ची पहाट आली. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एर्वाडी इथल्या दर्ग्याची ख्याती अशी, की तिथे मनाचे आजार बरे होतात. दूरदूरचे लोक तिथे आपली माणसे आणून सोडत आणि त्यांना ठेवून घेणाऱ्या खासगी जागा आजूबाजूला उभ्या राहिल्या होत्या. अशाच एका जागेत, गवताच्या छपराखाली, आग लागली. आतल्या माणसांना साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. 28 जणांचा मृत्यू झाला.

या माणसांच्या घरच्यांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांनी आपले माणूस तिथे आणून का ठेवले? जवळच्या सरकारी दवाखान्यात त्यांच्यासाठी काही नव्हते म्हणून. 1982 चा ठराव खरोखर अमलात आला असता, तर त्यांतल्या कित्येकांना एर्वाडीची वाट धरावीच लागली नसती. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली, प्रत्येक जिल्ह्यातल्या अशा जागांची पाहणी करण्याचा आणि सरकारी सेवा उभारण्याचा आदेश राज्यांना दिला. वीस वर्षे अडलेला विषय या अठ्ठावीस मृत्यूंमुळे देशापुढे आला.

मेहेरबानीकडून हक्काकडे

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने 2007 मध्ये मान्य केला. त्यानुसार जुना कायदा बदलणे भाग होते. केंद्रीय आरोग्य खात्यात केशव देसिराजू यांच्यासारख्या अधिकाऱ्याने हा विषय लावून धरला. 2011 मध्ये नेमलेल्या धोरणगटात पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचे डॉ. सौमित्र पाठारे होते. कायद्याच्या मसुद्यातही त्यांचा हात होता. 10 ऑक्टोबर 2014 रोजी, जागतिक मानसिक आरोग्यदिनी, भारताचे पहिले राष्ट्रीय मानसिक आरोग्य धोरण जाहीर झाले. राज्यसभेत 2013 मध्ये मांडलेले विधेयक तिथे 2016 मध्ये, तर लोकसभेत मार्च 2017 मध्ये मंजूर झाले. 2018 पासून मानसिक आरोग्यसेवा कायदा लागू आहे.

या कायद्याने मूळ भूमिकाच फिरवली. सरकारने चालवलेल्या किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क झाला. जिल्ह्यात सेवा नसेल, तर इतरत्र झालेल्या उपचाराचा खर्च सरकारने द्यायचा. साखळीने बांधणे कुठल्याही स्वरूपात निषिद्ध. भूल दिल्याशिवाय विजेचे झटके देता येणार नाहीत. घरच्यांनी टाकले किंवा राहायला छप्पर नाही एवढ्याच कारणाने कोणाला इस्पितळात ठेवून घेता येणार नाही. आजार बळावला तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते नकोत, हे माणूस आधीच लिहून ठेवू शकतो. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला गुन्हेगार न समजता तो तीव्र ताणाखाली होता असे धरायचे आणि त्याची काळजी घ्यायची. विम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीचे स्थान.

कायद्याच्या आसपासच आलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीने कामाचा आवाका दाखवला. 2015-16 मध्ये बारा राज्यांत झालेल्या या पाहणीनुसार प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी मानसिक आजार होता; सुमारे 15 कोटी लोकांना उपचाराची गरज होती; आणि आजारागणिक 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नव्हते.

ही दरी बुजू शकते, याचे दाखले आपल्याच किनाऱ्यावर आहेत. गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत मिळून 24 ठिकाणी एक मोठा प्रयोग केला. तज्ज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना साहाय्य दिले. सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना त्याचा स्पष्ट फायदा झाला, असे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. रायपूर राणीत जे अनुभवाने कळले होते, ते इथे काटेकोर चाचणीत उतरले. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांच्या 'श्रद्धा' संस्थेने रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उपचार देऊन थेट त्यांच्या गावी, घरी पोचवण्याचे काम केले. 2018 चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानसचा 14416 हा क्रमांक देशभर चालू आहे आणि मराठीतूनही बोलता येते.

या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. भारताला काय करावे हे कधीच अज्ञात नव्हते. 1950 च्या दशकात अमृतसरने ते दाखवले, 1970 च्या दशकात रायपूर राणीने, 1980 च्या दशकात बळ्ळारीने. दरवेळी कल्पना बरोबर होती, आणि दरवेळी ती पैसा, पदे आणि औषध यांच्या दाराशी अडली. आरोग्याच्या केंद्रीय अंदाजपत्रकातला मानसिक आरोग्याचा वाटा अजूनही एक टक्क्याच्या आसपास रेंगाळतो. जोवर ही सेवा सरकारची मेहेरबानी होती, तोवर ती तोडणे सोपे होते. आता ती कर्तव्य आहे, आणि कर्तव्याचा जाब विचारता येतो.

म्हणून हे काम आता फक्त दिल्लीचे नाही. तालुक्याच्या दवाखान्यात मानसिक आजाराची औषधे आहेत का, जिल्हा रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञाचे पद भरले आहे का, आशाताईंना हे आजार ओळखायला शिकवले का, कायद्यात सांगितलेले पुनर्विलोकन मंडळ जिल्ह्यात बसते का, हे प्रश्न ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत आणि विधानसभेत विचारले गेले पाहिजेत. रस्ता आणि पाणी मागताना आपण लाजत नाही. मनाच्या आजारावरचा उपचारही तसाच, उजळ माथ्याने मागायचा आहे. कायदा मागणाऱ्याच्या बाजूने आहे.